साइडकारचं सेटिंग

कवडू काच घेऊन नागपूरच्या टिमकी भागातल्या आपल्या गल्लीत शिरला तेव्हा दुपार कलली होती. काच गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर आडवी बांधलेली होती. ती तडकू नये म्हणून तो कामठीपासून सायकलवर बसलाच नव्हता, हँडल धरून पायी आला होता.

गल्लीत मागांची खटखट बंद होती. कोष्ट्यांच्या त्या गल्लीत भरदिवसा माग थांबायचे ते सणाला किंवा मयतीला. सण नव्हता.

"कोनाकडे गा?" पहिल्याच ओट्यावर बसलेल्या माणसाला त्याने विचारलं. त्या माणसाने मान खाली घातली.

घरापुढे लोक उभे होते. त्यांच्यातून दादाजी पुढे आला. दादाजीचं चौकात वेल्डिंगचं दुकान होतं. कवडूचा तो लहानपणापासूनचा दोस्त, आणि शिवी दिल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे. त्याने कॅरिअरची दोरी सोडली, काच दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि म्हणाला, "आधी ही ठेवतो. फुटंन."

त्याचा तो मऊ आवाज ऐकला आणि कवडूला कळलं, मयत आपल्याच घरी आहे.

सकाळी तो निघाला तेव्हा त्याची बायको गोपिका मागाजवळ सुताच्या कांड्या भरत बसली होती. "काच उजेडात धरून पाहजा," ती म्हणाली होती, "बुडबुडेवाली मारतीन तुमच्या गळ्यात." आता शेजारची बायजाबाई रडत रडत सांगत होती, "छातीत भरून आलं म्हने. मी पानी आनाले गेली अन् वापस आली तं मान कलली होती. टांगा येईपर्यंतही थांबली नाही वं माय."

तुमसरला दिलेली मुलगी उत्तरा दिवस मावळल्यावर आली. खाप्याला गोपिकेच्या आईकडे माणूस पाठवला होता, तो सकाळच्या बसने एकटाच परत आला. म्हातारीला बसची पायरी चढवली नव्हती. तिने निरोप दिला होता, "थांबू नका. मले नेलं असतं तरी तिचं तोंड कुठं दिसनार होतं."

तोवर कवडू उभाच होता. हा निरोप ऐकून तो खाली बसला.

गल्लीतल्या लोकांचा समज होता की कवडू बायकोसाठी गाडी बनवतो आहे. तसं नव्हतं. गाडी गोपिकेच्या आईसाठी होती.

रुखमाबाई खाप्याला एकटी राहायची. गोपिकेशिवाय तिला दुसरं लेकरू नव्हतं. अंगणात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं, तेव्हापासून तिला बस चढता येत नव्हती आणि बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गावातल्या शिबिरात डॉक्टरने बघून सांगितलं होतं, उजवा पुरता पिकला आहे, उन्हाळ्याच्या आत नागपूरला आणा, त्यापुढे ठेवला तर डोळा हातचा जाईल. डाव्याला अजून वर्षभराची सवड आहे.

अडचण आणखी एक होती. कन्यादान केलं, आता लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे रुखमाबाईने धरून ठेवलं होतं. बाकीच्या बाया नातवंड झालं की हा नेम सोडतात. ती उत्तराच्या बारशालाही घरून तांब्या भरून घेऊन आली आणि तांब्या संपायच्या आत परत गेली. अशा बाईला नागपुरात मुक्काम करून दवाखान्याच्या खेपा घालायला लावणं कोणालाही जमलं नसतं.

"मंग तिले उचलून खाली बसवता येईन, थेट दवाखान्याच्या दारात उतरवता येईन, अन् तपासनीच्या दिवशी संध्याकाळच्या आत वापस सोडता येईन, असं काही बनवा," गोपिका म्हणाली होती. "मिलमधल्या एवढ्या मशिनी दुरुस्त करता. घरच्या कामाले काहून हात चालत नाही?"

कवडू मिलमध्ये फिटर होता. त्याचा बाप विणकर, आजा विणकर. बाप गेल्यावर बापाचा माग रिकामा पडला. हातमाग म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो. घरात असे दोन खड्डे होते. एकावर गोपिका लुगडी विणायची. दुसऱ्यावरचा माग सोडवून कवडूने तिथे गाडी उभी केली. खड्ड्यात उतरलं की इंजिन सरळ डोळ्यांपुढे यायचं. "साल्या, मोठमोठ्या गॅरेजवाल्यांकडे अशी सोय नाही," दादाजी म्हणायचा.

गाडी म्हणजे मिलिटरीच्या डिस्पोजलमधली जुनी बीएसए मोटरसायकल. फ्रेम एकीची, इंजिन दुसरीचं, टाकी तिसरीची आणि तीही पोचलेली. साइडकार कुठे मिळेना, म्हणून ती घरीच केली. चौकट दादाजीने पाण्याच्या पाइपांची जोडली. तळाला बापाच्या मागाचं सागवान घातलं. चाकावरची कमान, म्हणजे वजनाने दबणारी स्प्रिंगची पट्टी, एका मोडीत निघालेल्या टांग्याची होती. बसायला खाटेसारखी निवार लावली, ती गोपिकेने आपल्या मागावर विणली.

एकाच खोलीत इकडे काळं ऑइल आणि तिकडे पांढरं सूत. भांडण रोजचं होतं. "एक डाग लागला माह्या लुगड्याले तं गिऱ्हाइकाले काय सांगू? फटफटीचा काठ हाय म्हनून?" असं म्हणून तिने शेवटी मध्ये एक जुनेर आडवं बांधलं. कवडू त्यालाच हात पुसायचा.

साइडकारचं खरं काम शेवटी असतं, ते सेटिंगचं. गाडी उभी करून डाव्या बाजूला साइडकार जोडली की झालं, असं होत नाही. मोटरसायकल जराशी उजवीकडे कललेली ठेवावी लागते, साइडकारचं चाक किंचित आत वळवावं लागतं. मग माणूस बसला की त्याच्या वजनाने सगळं जागेवर येतं आणि गाडी सरळ चालते. किती कलवायचं आणि किती वळवायचं, हे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. म्हणून त्या वजनाचं माणूस आत बसवायचं, चाकांना लागून सुताचा दोरा ताणायचा आणि मगच जोडांचे नट कसायचे.

त्या दिवशी साइडकारमध्ये गोपिका बसली. दोऱ्याचं एक टोक कवडूने धरलं, दुसरं दादाजीने.

"लागला का चाकाले?" कवडूने विचारलं.

"लागला."

"नाही लागला," गोपिका बसल्या जागेवरून म्हणाली. "सुताभर अंतर हाय. आंधळे हा का दोघंही?"

दादाजीने गुडघ्यावर बसून पाहिलं. अंतर होतं.

"मंग उतर अन् तूच धर," कवडू म्हणाला.

"मी उतरली तं वजन कोनाचं ठेवता?"

तिनेच तोड काढली. बसल्या बसल्या हात मागे नेऊन, कमान जिथवर दबली होती तिथे पाइपाला लाल सुताची गाठ मारली आणि उतरली. तिच्या जागी अर्धं पोतं ज्वारी ठेवली, कमान गाठीपर्यंत आली नाही. मग चक्की आल्यापासून कोपऱ्यात पडून असलेलं जातं आणलं. दोन्ही दगड ठेवल्यावर कमान बरोबर गाठीला टेकली.

दादाजी हसता हसता खड्ड्यात पडायचा राहिला. "म्हंजे वहिनी, तुम्ही अर्धं पोतं ज्वारी अन् एक जातं!"

"अन् तुमच्या घरची? तिच्यासाठी तं इतवारीतलं अख्खं दुकान उचलून आनावं लागंन."

मग तिने दोरा धरला. "लागला" ती म्हणाली तेव्हाच कवडूने नट कसला. असे चारही जोड झाले.

"पन म्हातारी तं काडी हाय," दादाजीला मागून सुचलं. "तिच्या वजनावर नको का?"

"मायच्या टायमाले पुन्हा करजा," गोपिका म्हणाली. "पहिले मी बसनार. तिले घ्याले मी जाईन."

सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा गोपिका बसलेली होती आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. धूळ तेवढी तोंडावर येत होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात ती जाऊ नये म्हणून साइडकारला पुढून काच हवी, असं ठरलं. ती काच आणायला कवडू कामठीला गेला होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. कवडू म्हणाला, अस्थी खाप्याला नेतो, कन्हान नदी तिथूनच वाहते. तिच्या आईला निदान हात लावू दे.

"बसनं जा ना बाबा," उत्तरा म्हणाली.

"गाडीनं जातो."

मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून त्याने निवारीवर ठेवलं, दोरीने आवळलं आणि निघाला. रिकाम्या साइडकारमध्ये वजन ठेवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मिलमध्ये मशीन लावताना जो माणूस तीनतीनदा तपासायचा, त्याला हे सुचलं नाही.

कोराडीच्या रस्त्याला लागला आणि गाडी उजवीकडे ओढू लागली. समोरून ट्रक यायचे आणि गाडी त्यांच्याकडेच जायची. तो हँडल डावीकडे दाबून धरायचा, जरा सैल सोडलं की पुन्हा तेच. खांदे भरून आले. पाटणसावंगीच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. तिथे साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं. कवडूने पाहिलं तो मडकं दोरीसकट एका अंगाला कललं होतं. त्याने एक हात सोडून मडकं धरलं. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, एक बांध चढली आणि तुरीच्या शेतात शिरून बंद पडली.

मडकं शाबूत होतं. कवडू ते तसंच धरून बसून राहिला. शेतातला माणूस धावत आला, त्याने गाडी मागे ओढून रस्त्यावर लावून दिली. भला माणूस होता. साइडकारकडे बघून म्हणाला, "खाली डब्बा घेऊन काहून फिरता गा? वजन पायजे ना त्याच्यात. घरचं कोनी नव्हतं का बसाले?"

"नाही," कवडू म्हणाला.

त्या माणसाने बांधावरचे दोन दगड आणून साइडकारमध्ये टाकले. गाडी तरी ओढतच होती, पण चाक उचललं नाही.

खाप्याला रुखमाबाई ओट्यावर बसली होती. फटफटीचा आवाज ऐकून ती भिंतीला धरून उठून उभी राहिली, तोंडावर हसू आलं. मग तिला आठवलं. ती खाली बसली आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मामी, मी हाव," कवडू म्हणाला. "तिले आनलं."

त्याने मडकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने फडक्याची गाठ चाचपली, सोडली नाही. बराच वेळ ती मडक्यावरून हात फिरवत राहिली. नंतर नदीवर कवडू शेजारच्या माणसांना घेऊन गेला. तिला घाट उतरता येत नव्हता.

निघताना तो म्हणाला, "मामी, तेरवी झाली की गाडी घेऊन येतो. डॉक्टरनं उन्हाळ्याच्या आत सांगितलं हाय."

"कायले?"

"डोळ्याले."

"अन् पाहू कोनाले?" रुखमाबाई म्हणाली. "होती ती दिसली नाही. आता दिसून काय करू?"

 कवडू दगडांसकट परत आला.

तेरवीनंतर पाहुणे पांगले. उत्तरा राहिली. आजीजवळ दवाखान्यात थांबायला ती तयार होती, पण सासरहून तिला होळीपर्यंतचीच मोकळीक होती. "मले एक सांगा बाबा," ती म्हणाली, "आईनं दुसरं काय मांगतलं होतं तुमाले? लुगडं नाही, दागिना नाही. एवढं एकच. होळी झाली की मी नाही, मंग उन्हाळा. कवा नेता आजीले?"

"ती नाही म्हनते."

"ती सगळ्यालेच नाही म्हनते. आईलेही नाहीच म्हने. आई ऐकत होती का?"

दादाजीचं म्हणणं वेगळं होतं. "म्हातारी येईन का नाही ते मंग पाहू. आधी ह्या गाडीचं सेटिंग मोड. अशीच चालवशीन तं तिच्या आधी तूच जाशीन, साल्या. नटा ढिल्ल्या कर, म्हातारीच्या वजनावर नवं करून टाकू. अर्ध्या दिवसाचंही काम नाही हे."

म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्याच दिवशी दादाजी आला. साइडकारमध्ये अंदाजाने म्हातारीएवढी, म्हणजे तीच अर्धं पोतं ज्वारी ठेवली. कवडू पाना घेऊन खड्ड्यात उतरला आणि पहिल्या नटाला पाना लावला. दादाजीने आणि उत्तराने दोरा ताणला.

"लागला," दादाजी म्हणाला.

कवडू थांबला.

"लागला बे. फिरव."

कवडू पाना धरून तसाच उभा राहिला. कोणीतरी "नाही लागला" म्हणेल म्हणून तो थांबला होता, हे त्याला स्वतःलाही जरा वेळाने कळलं. उत्तराने वडिलांचं तोंड पाहिलं आणि दोरा खाली ठेवला. दादाजीनेही आपलं टोक सोडलं. कवडूने पाना नटावरून काढला. नट होता तसाच राहिला.

खड्ड्यातून वर येताना त्याच्या डोळ्यांसमोर कमान आली, आणि पाइपावरची लाल गाठ. ज्वारी आत होती आणि कमान गाठीच्या बरीच वर थांबली होती. तो गाठीकडे बघत राहिला. मग कोपऱ्यात गेला, जात्याचा एक दगड उचलून आणला, साइडकारच्या तळाशी ठेवला. दुसरा आणला. कमान गाठीला टेकली.

"म्हातारी ज्वारीएवढीच असंन," तो म्हणाला. "जातं तिच्या पायापाशी राहीन. नटाले हात लावाचं काम नाही."

दादाजीने डोकं खाजवलं. "हे काही बरोबर नाही कवडू. पन चालंन."

मग कवडूने काच बसवली. उजेडात धरून पाहिली तर एका कोपऱ्यात दोन बुडबुडे होते.

या खेपेला जाताना आत ज्वारी होती, जातं होतं, आणि गाडीच्या मागच्या सीटवर उत्तरा होती. गाडी सरळ गेली. पाटणसावंगीच्या वळणावरही चाक जमिनीवरच राहिलं.

रुखमाबाई ओट्यावरच होती. नाही म्हणून तिने मान हलवली, नात गळ्यात पडली तरी हलवली. उत्तराने वाद घातला नाही. "नको येऊ," ती म्हणाली. "पन आईनं बनवलं ते पाहून तं घे. हातानं पाह्य."

दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून साइडकारपाशी आणलं. तिने काच चाचपली, पाइप चाचपला, मग हात निवारीवर गेला. बोटं पट्टीच्या काठाकाठाने फिरली. ती खाप्याची विणकरीण होती, गोपिकेला मागावर तिनेच बसवलं होतं.

"काठ ढिला सोडला," ती म्हणाली. "किती डाव सांगतलं असंन तिले, काठ ढिला सोडू नको वं. शेवटपर्यंत ऐकलं नाही." बोटं पुन्हा तिथेच आली. "पन ठोकून विनली चांगली हाय. फाटत नाही ही."

"बसून पाह्य ना आजी."

कवडूने ज्वारीचं पोतं उतरवून ओट्यावर ठेवलं. रुखमाबाईच्या लक्षात आलं. "ते माह्या घरात नका ठेवू जवाई. तुमच्या घरचं धान्य हाय."

"ओट्यावरच राहू द्या. मले वापस जाताना लागते."

तिला निवारीवर बसवलं. पाय पसरायला गेली तर तळव्यांना दगड लागला. "हे काय इथं?"

"जातं."

"काहून? दवाखान्यात दळाले नेता का मले?"

उत्तरा हसली. कवडू साइडकारपाशी उकिडवा बसला. सासूशी तो कधी समोरासमोर बसून बोलला नव्हता. "मामी, ही गाडी तिच्या वजनावर बसवली हाय. तिच्या वजनाचं मानूस बसलं तवाच सरळ चालते. तुम्ही हलक्या हा. म्हनून जातं ठेवलं."

 रुखमाबाईने वाकून दगडावर हात ठेवला.

"म्हंजे हे अन् मी मिळून तिच्याएवढं?"

"हो."

त्याने मागे जाऊन कमान पाहिली. गाठीला टेकली होती.

"तुमच्या घरचं पानी मी पेनार नाही," रुखमाबाई म्हणाली.

"दवाखान्यातलं प्या."

"माहा तांब्या घेऊन ये वं उत्तरा," ती म्हणाली. "अन् दाराले कडी लावजो."

 रस्त्यात कवडूने एकदा हँडलवरचा हात अगदी हलका केला, नुसती बोटं टेकवून ठेवली. गाडी सरळ चालत राहिली. डाव्या बाजूला, काचेमागे, पदर घेतलेलं डोकं हादऱ्याने हलत होतं. त्याने तिकडे पाहायचं टाळलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरने विचारलं, इतके दिवस का ठेवलं, आणखी महिना गेला असता तर मी हात लावला नसता. म्हातारीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं झोपवून ठेवलं होतं. उत्तरा चमच्याने भरवायची. पट्टी सुटली, डोळ्यावर हिरवं फडकं आलं. होळीला उत्तरा तुमसरला गेली. तपासणीला कवडू एकटाच म्हातारीला आणायचा आणि दिवसाउजेडी सोडायचा. शेवटच्या तपासणीला जाड काचांचा चष्मा मिळाला.

त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाबाहेर रुखमाबाईने कवडूकडे नीट पाहिलं. "तुम्ही तं पार म्हातारे झाले जवाई," ती म्हणाली. मग गाडीकडे पाहिलं. "अन् एवढी कुरूप हाय होय ही! बरं झालं, आधी दिसली नाही. बसलीच नसती."

मग ती म्हणाली, "मले तिचं घर दाखवा. पानी नाही पेनार. पाहून येतो."

टिमकीत ती भिंतीला धरून आत गेली. तिथे आडवं बांधलेलं जुनेर होतं, ऑइलच्या बोटांनी काळं झालेलं. त्याच्या पलीकडे गोपिकेचा माग होता. मागावर लुगडं अर्धं विणून थांबलं होतं, पांढरं, त्याच्यावर धूळ बसली होती. रुखमाबाईने चष्मा सारखा करून ते पाहिलं. डाग एकही नव्हता.

"इथंच?"

"इथंच बसली होती. कांड्या भरून राहिली होती."

रुखमाबाई मागाच्या काठावर बसली. आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी प्याली. कवडू बाजूला उभा होता.

"जवाई, एक गोष्ट चांगली नाही केली तुम्ही," ती म्हणाली. "मी प्रत्येक डाव त्या दगडावर पाय ठेवून येतो. प्रत्येक डाव मले वाटते, मी तिच्याएवढी होऊन बसली हाव. किती दिवस बसू अशी? मी तिच्याएवढी नाही. मी काडी हाव. माह्या वजनावर बसवा ना गाडी."

"हो मामी."

"नुसतं हो नका म्हनू. डावा डोळा दिवाळीनंतर करू म्हने डॉक्टर. तवा जातं असंन तं मी बसनार नाही. आतापासून सांगून ठेवतो."

"करतो," कवडू म्हणाला.

त्याने तिला खाप्याला सोडलं. जाताना जातं होतंच. येताना ओट्यावरचं पोतं साइडकारमध्ये ठेवून आणलं.

पावसाळा गेला, दसरा गेला. दादाजी दोनदा दोरा घेऊन आला. पहिल्यांदा कवडूला मिलमधून यायला उशीर झाला. दुसऱ्यांदा तो घरीच होता, खड्ड्यात उतरला, पाना लावला. नटांना गंज धरला आहे, रात्रभर घासलेट मुरू दे, असं तो म्हणाला. दादाजीने बोट लावून पाहिलं. गंज नव्हता. तो दोरा गुंडाळून चौकात निघून गेला.

दिवाळीही झाली. खाप्याहून येणाऱ्या माणसाबरोबर रुखमाबाईने विचारून पाठवलं, गाडी झाली का. कवडूने सांगितलं, होते आहे.

साइडकारचे चारही जोड गोपिकेने कसायला लावले तसेच आहेत. सेटिंग राहिलं आहे. म्हातारीचा डावा डोळा राहिला आहे.